फडताळातला फोन

आम्ही बचत गटातल्या बायका आज फोनवर बोलणार आहोत. तुमच्या हातात दिवसभर असतो त्या फोनवर नाही, तर फडताळात, साड्यांच्या घडीखाली नाहीतर देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो, त्या फोनवर. आठवड्यातून एकदा बाहेर निघतो, काम झालं की परत जागेवर जातो. असा फोन तुमच्याही घरी असेलच. बहुतेक घरांत तो बाईचाच असतो.

आमच्या भागात असे फोन जास्त, त्याला कारण आहे. सातारा जिल्ह्यातले माण-खटाव घ्या, नाहीतर शिवेपलीकडचे सांगली जिल्ह्यातले आटपाडी-खानापूर घ्या, पाऊस आपल्याला बेताचाच. माणसं पोटामागं बाहेर गेलेली. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं शुद्ध सोनं काढायचं, हे काम करत आपली माणसं केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलीत. गावात मागे राहतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. आणि त्यांच्यासाठी एक फोन, रविवारच्या व्हिडिओ कॉलसाठी. बँकेचा ओटीपी यायला आणि लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज यायलाही तोच.

आमच्या गटातल्या एका काकूंचा असाच फोन. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी गोष्ट सांगण्यापुरतीच आहे. मुलगा तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, घरी काकू, सून आणि दोन नातवंडं. काकूंच्या फोनवर बोलण्याचं रिचार्ज असतं, आणि रविवारच्या कॉलसाठी त्या वर एक जीबीचं छोटं पॅक टाकून घेतात. एका रविवारी पॅक टाकलं, मुलाशी बोलणं झालं, फोन फडताळात गेला. पुढच्या रविवारी फोन काढला तर डेटा संपलेला. मुलगा तिकडं वाट बघत बसला आणि इकडं पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. असं एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदाही झालं.

आता फोन फडताळात, फडताळाला किल्ली नाही, घरात मोठी बाई एकच, ती म्हणजे सून. काकूंच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. रात्री आपण झोपल्यावर ही फोन काढते आणि व्हिडिओ बघत बसते. पहिल्यांदा त्या नुसत्या टोमण्यात बोलल्या. दुसऱ्यांदा मुलाला फोन करून सांगितलं. तिसऱ्यांदा सूनबाई रडत आमच्या बैठकीला आली आणि म्हणाली, "आत्यांच्या फोनला मी हातसुद्धा लावला नाही हो. पण यांनी तिकडून मला विचारलं, रात्री कुणाशी बोलतेस."

बघा, गोष्ट एका जीबीची होती आणि कुठवर गेली.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना आधी काकूंचंच पटलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी रिचार्जवाल्या दुकानदाराला चोर ठरवून टाकलं होतं. त्याने अर्धंच पॅक टाकलं असेल, असं. फोनलाच विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते गटातल्या एकीच्या मुलीच्या, बारावीला आहे ती. म्हणाली, "त्यात लिहिलेलं असतं की. कुणी किती खाल्लं ते."

आणि खरंच लिहिलेलं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये जायचं. तिथं नेटवर्क नाहीतर सिमकार्ड असं काहीतरी दिसतं, त्यात डेटा वापर. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं. नाहीच सापडलं तर सेटिंगमध्ये वर शोधायची चौकट असते, तिथं 'डेटा' एवढंच लिहायचं. मग एकाखाली एक अ‍ॅपची नावं येतात आणि प्रत्येकापुढे एमबीचा आकडा. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, एवढं लक्षात ठेवलं की बेरीज जमते. एखाद्या नावावर बोट ठेवलं की त्याचेही दोन भाग दिसतात. अ‍ॅप समोर उघडं असताना किती गेलं, आणि अ‍ॅप बंद दिसत असताना मागच्या मागे, म्हणजे बॅकग्राऊंडला, किती गेलं. आमच्या दृष्टीने सगळा निवाडा याच दोन आकड्यांत होता.

काकूंच्या फोनवर काय निघालं? अ‍ॅप जिथून उतरवतात त्या प्ले स्टोअरपुढे ४३० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपपुढे २६०, त्यातले ११० समोरचे, म्हणजे मुलाशी बोललेले, आणि १५० मागचे. फोन हातात घेतला की पडद्यावर रोज नवं चित्र आणि बातमी दाखवणारं एक अ‍ॅप त्या स्वस्तातल्या फोनमध्ये आधीपासूनच भरलेलं होतं, त्यापुढे २१०. बाकी किरकोळ. आणि ज्या व्हिडिओच्या अ‍ॅपवरून एवढं रामायण झालं, त्यापुढे ३. तेही मागचेच. समोर उघडल्याचा आकडा शून्य.

काकूंनी तो शून्य तीनदा बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. बोलल्या काहीच नाहीत.

न वापरलेला फोन इतकं खातो कसा, हे आम्हालाही तेव्हा कळत नव्हतं. ते असं असतं. फोन फडताळात पडलेला असला तरी तो बंद नसतो, नुसता पडदा काळा असतो. आत अ‍ॅपचं काम चालूच. नवं काही आलंय का, हे ती आपापल्या कंपनीला विचारत राहतात. डेटा बंद ठेवलेला असला तर सगळं तिकडं साठून राहतं. व्हॉट्सअ‍ॅपचे न पोचलेले निरोप ३० दिवसांपर्यंत थांबतात. तुम्ही रविवारी डेटा चालू केलात की तुंबलेलं सगळं एकदम आत घुसतं. पाहुण्यांच्या ग्रुपवरची सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे फोटो, सगळं. प्रत्येक अ‍ॅपची सुधारून आलेली नवी आवृत्तीसुद्धा. रोजच्या फोनवर हे थोडंथोडं होतं म्हणून जाणवत नाही. आठवड्याने उघडणाऱ्या फोनवर ते पाटाला पाणी सोडल्यासारखं येतं. काकू तर कॉल झाल्यावर डेटा बंद करतच नव्हत्या. त्यामुळे आठवडाभर तो पाट वाहतच होता.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. पहिलं आणि सोपं, काम झालं की मोबाईल डेटाचं बटण बंद. काकूंची शंका होती, मग बँकेचा ओटीपी कसा येणार? येतो. साधा फोन आणि साधा मेसेज यांना डेटा लागत नाही. डेटा बंद असताना व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल मात्र वाजणार नाही, म्हणून मुलाला वेळ ठरवून दिली, रविवारी संध्याकाळी सात. दुसरं, प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चिन्हावर बोट ठेवून सेटिंगमध्ये गेलं की अ‍ॅप आपोआप अपडेट करण्याबद्दल विचारतात. तिथं 'फक्त वायफायवर' असं करून टाकलं. काकूंच्या फोनवर ते कुठल्याही नेटवर्कवर चालेल असं होतं. कुणी केलं, कधी केलं, देव जाणे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा म्हणून भाग आहे. मोबाईल डेटावर फोटो आपोआप उतरवायचे, ही खूण तिथं आधीपासून असते, ती काढली. आता हवा तो फोटो बोट ठेवून उघडायचा. सगळ्यांत शेवटी डेटा सेव्हर नावाचं बटण चालू केलं, त्याने बऱ्याच अ‍ॅपचं मागच्या मागे खाणं एका झटक्यात थांबतं. व्हॉट्सअ‍ॅपला तेवढी सवलत द्यायची, नाहीतर डेटा चालू असूनही निरोप अ‍ॅप उघडेपर्यंत पोचत नाहीत.

ते चित्र दाखवणारं अ‍ॅप मात्र चिवट निघालं. काढून टाकायला गेलो तर काढता येईना. मग पोरीने ते सेटिंगमधून बंद केलं. पैसे देऊन फोन घ्यायचा आपण, आणि त्यात भाडेकरू आधीच ठेवलेले.

एक गोष्ट आमच्या जिव्हारी लागली. काकूंच्या मेसेजच्या पेटीत कंपनीचे मेसेज पडलेले होते. निम्मा डेटा संपला, नव्वद टक्के संपला, पूर्ण संपला. ट्राय म्हणून सरकारी नियामक संस्था आहे, तिने २०१५ साली कंपन्यांना असे मेसेज पाठवायला लावले. म्हणजे फोन दर आठवड्याला ओरडून सांगत होता, पण इंग्रजीत, आणि फडताळात. त्याच नियमांनुसार १९२५ या नंबरला इंग्रजीत स्टॉप असा मेसेज पाठवला तर कंपनीकडूनच डेटा बंद होतो आणि स्टार्ट पाठवला की चालू होतो. ज्यांना डेटा मुळीच लागत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि नुसतं बोलणं आणि मेसेज, डेटा नाही, असं रिचार्जही ठेवणं कंपन्यांना भाग पडलं. दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. आम्ही विचारलं तेव्हा दुकानदार आधी "असलं काही नसतं" म्हणाला, मग मोबाईलमध्ये बघून "आहे" म्हणाला.

काहीजणी म्हणाल्या, एवढी कटकट कशाला, फोन बंदच करून ठेवू. तसं करू नका. प्रीपेड नंबराचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो काढून घेऊ शकते. खात्याला, आधारला, ई-पीक पाहणीला तोच नंबर जोडलेला असतो. तो गेला की बँकेच्या आणि सेतूच्या चकरा आपल्याच नशिबी.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही नऊ फोन तपासले. एकीच्या फोनमध्ये हॉटस्पॉट चालू राहिला होता, शेजारचा मुलगा त्यावर मजेत होता. एकीच्या नातवाचा खेळ निघाला. आणि एकीच्या फोनमध्ये खरंच तिच्या सुनेने व्हिडिओ बघितले होते, रांगोळीचे आणि ब्लाऊजच्या कटिंगचे. समोरचा आकडा भलामोठा. सासूबाई आमच्याकडे बघू लागल्या, आता बोला म्हणून. आम्ही बोललो. पहाटे पाचला उठून धारा, भाकऱ्या, रान उरकणारी पोरगी रात्री अर्धा तास फोन बघते, तर ते काय चोरून नेणं झालं? घरातल्या पुरुषाचा डेटा संपला तर आपण रिचार्ज करतो, त्याला आकडे विचारत नाही. यावर आमच्यातच बराच वाद झाला. अजून मिटलेला नाही.

काकूंच्या घरी पुढच्या रविवारी सात वाजता फोन लागला. ६०० एमबीच्या वर शिल्लक होती. काकूंनी फोन आधी सुनेच्या हातात दिला आणि स्वतः पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आपल्याकडे कुठली सासू मागते? मुलाला मात्र तिथल्या तिथे सांगायला लावलं, की तसं काही नव्हतं, फोनच खात होता.

पुढच्या मंगळवारी दुपारी दोनला आम्ही बैठकीच्या जागी आहोत. फडताळातला फोन घेऊन या, आणि येताना चार्ज करून आणा, मागच्या खेपेला तिघींचे फोन वाटेतच मेले होते.