शोधनिबंधांचा महापूर आणि यंत्राची बुद्धी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव जरा जड आहे, पण प्रश्न घरातलाच आहे. आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत कोणी ना कोणी प्रकल्प, प्रबंध किंवा शोधनिबंध लिहीत असतो. पूर्वी अशा मुलाची तक्रार असे, की संदर्भ मिळत नाहीत. आता तो म्हणतो, संदर्भ इतके मिळतात की वाचू काय आणि सोडू काय!

त्याची तक्रार खोटी नाही. वैद्यकशास्त्रातील निबंधांची 'पबमेड' नावाची सूची आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी त्यात दहा लाखांहून जास्त भर पडते. औषधोपचारांच्या चाचण्यांचे दररोज सुमारे ७५ अहवाल प्रसिद्ध होतात, असा हिशेब २०१० साली काही अभ्यासकांनी मांडला होता. मार्च २०२०मध्ये करोनासंबंधीच्या निबंधांचा एक खुला संग्रह सुरू झाला, तेव्हा त्यात ३०,००० देखील निबंध नव्हते. २०२२च्या मध्यापर्यंत ती संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. रोज दहा निबंध वाचणाऱ्या माणसाला एवढे वाचायला पावणेतीनशे वर्षे लागतील.

कोणी म्हणेल, ज्ञान वाढले तर बिघडले कुठे? त्यासाठी एक उदाहरण सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. अशा प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी हे १९७२मध्येच प्रसिद्ध केले. पुढे आणखी चाचण्या झाल्या. पण त्या वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेल्या राहिल्या. त्या सर्वांचा पद्धतशीर एकत्र आढावा प्रसिद्ध व्हायला १९८९ उजाडले. मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या उपायाची खात्री पटलेली नव्हती आणि जगभरात हजारो बाळे विनाकारण दगावली असावीत. माहिती छापलेली होती, ग्रंथालयांत होती, पण ती एकत्र करून तिचा निष्कर्ष सांगणारे कोणी नव्हते. अशा आढाव्यांसाठीच १९९३मध्ये 'कॉक्रेन' ही संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे.

हा ढीग वाढतो त्याला आणखी एक कारण आहे. बढती हवी, छापा. पदवी हवी, छापा! जिथे निबंध मोजले जातात, तिथे ते वाचले जातीलच असे नाही. 'हिंदावी' या प्रकाशनाला २०२३ या एका वर्षात ८,०००हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली, हे बरे झाले. शिवाय 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेतून २०२५पासून सरकारी विद्यापीठांना आणि संशोधनसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. दार उघडले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आत शिरल्यावर कुठे वळायचे, हे कळायला हवे.

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना मुद्दाम बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. नुसती पुस्तके घेऊन भागत नाही, ती लावणारा आणि शोधून देणारा जाणकार लागतो, हे महाराजांनी ओळखले होते. याच संस्थानच्या सेवेत राहिलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळले. तिथल्या मोडी कागदांच्या अफाट राशीतून निवड करून त्यांनी पंचेचाळीस खंड सिद्ध केले. कोणता कागद घ्यायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, याला आयुष्यभराचे वाचन लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. तिचे गुण आधी सांगतो. १९८६मध्ये शिकागोच्या डॉन स्वॉन्सन यांनी निबंधांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवले. एक माशाच्या तेलाचा रक्तावर काय परिणाम होतो याविषयीचा, दुसरा रेनॉ नावाच्या विकाराचा. दोन्हीकडचे अभ्यासक एकमेकांना वाचत नव्हते. स्वॉन्सन यांनी त्यांचा सांधा जुळवला आणि हे तेल त्या विकारात उपयोगी पडेल, असा अंदाज मांडला. पुढे प्रत्यक्ष चाचणीतही त्याला पुष्टी मिळाली. असे सांधे शोधण्याचे काम यंत्र आता लाखो निबंधांत करू शकते. 'अल्फाफोल्ड'ने सुमारे वीस कोटी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज दिले आणि त्यामागच्या संशोधकांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तेव्हा या यंत्राला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण आपल्या मुलांच्या हातात असते ते मुख्यतः गप्पा मारणारे यंत्र. या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, या हिशेबावर ते वाक्ये रचते. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते आणि खऱ्याखोट्याची हमी मात्र नसते. नोव्हेंबर २०२२मध्ये 'मेटा' कंपनीने शास्त्रीय निबंधांवर तयार केलेले 'गॅलॅक्टिका' लोकांपुढे ठेवले. ते बेधडक खोटी शास्त्रीय माहिती रचू लागले आणि तीन दिवसांत झाकावे लागले. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राने सुचवलेले खटले दाखल्यादाखल दिले. ते खटले कधी झालेच नव्हते! वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राला कोणी दंड केला नाही, कारण कागदावर सही वकिलांची होती.

गणेशोत्सवात बसलो आहोत, तर बाप्पाचीच गोष्ट आठवू. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखक हवा होता. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. आजच्या यंत्राने पहिली अट उत्तम पाळली आहे, त्याची लेखणी थांबतच नाही. दुसरी अट पाळण्याचे काम आपल्यावर आले आहे.

या गोष्टीला एक पुढचा भागही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. डॉ. सुकथनकरांसारख्या संपादकांच्या देखरेखीखाली १,२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. तेव्हा दिसले की गणपतीच्या लेखनिकपणाची ही कथा मूळ संहितेतली नसून मागाहून आलेली आहे. संपादकांनी ती मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. घरोघरी बाप्पा बसवणाऱ्या समाजातल्या विद्वानांनी हे केले, कारण पुरावा तसा होता. त्यांनी कथा फेकूनही दिली नाही. जे मिळाले ते सगळे नोंदवले आणि कशाला किती आधार आहे तेही सांगितले. माहितीच्या ढिगातून ज्ञान काढायचे, ते असे.

आता विद्यार्थ्यांसाठी चार शब्द. यंत्राकडून निबंध शोधून घ्या, पण ज्याचा आधार द्याल तो मूळ निबंध स्वतः उघडून वाचा. तो नंतर मागे घेतला गेला आहे का, तेही पाहा. यंत्राने काढलेला सारांश हाती असला तरी स्वतःचे टिपण स्वतःच्या शब्दांत वहीत करा. टिपण जमले नाही तर समजावे, अर्थ अजून लागलेला नाही. आणि आजारपणात यंत्राने काही सुचवले, तर ते आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा, परस्पर अमलात आणू नका.

वडीलधाऱ्यांना एकच विनंती. घरातल्या मुलाला किंवा मुलीला आपण कौतुकाने विचारतो, "किती निबंध छापले?" यंदापासून विचारू या, "अलीकडे काय वाचलेस? सांग बरे समजावून." त्याला ते आपल्या भाषेत समजावता आले, तर त्याचा अभ्यास झाला असे खुशाल समजा.

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या त्या अधिपतीने आपल्या मुलांना वेगाबरोबर विवेकही द्यावा, एवढी प्रार्थना करून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!