मोटारीच्या रंगाची उजळणी

घरांतील तांब्या-पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून लख्ख करण्याचें काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. तें पाहत वाढलेल्या माणसास वाटतें, कीं थोडा जोर लावला म्हणजे मोटारीचा निस्तेज रंगहि तसाच उजळेल. हा समज महागांत पडतो. तांब्याचा पत्रा जाड असतो. मोटारीवरचा रंग तसा नसतो.

मी स्वतः या कामांतला नवशिक्या आहें. आजऱ्यास मास्तरकी करून निवृत्त झालों, आणि बारा वर्षें वापरलेल्या आमच्या लाल मोटारीपायीं साठीनंतर हातांत यंत्र धरलें. ती मोटार मुलीकडे जावयाची होती व उजळून द्यावी अशी माझी इच्छा होती. शिकविणारा माझाच एक जुना विद्यार्थी. गाड्या रंगविणें हा त्याचा व्यवसाय.

प्रथम रोगाचें निदान करूं. आमच्या भागांत पावसाळा दांडगा. पाऊस सरला, कीं जांभ्याची तांबडी धूळ उडूं लागते. संकेश्वराहून आजऱ्यावरून आंबोलीकडे एक फेरी झाली तरी गाडीवर तिचा थर बसतो. पुष्कळ लोक ती धूळ कोरड्या फडक्यानें पुसतात. धुळींतील कण रंगावर बारीक ओरखडे काढतात. उन्हांत पाहिलें, तर कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. रंग निस्तेज वाटतो तो बहुधा यामुळेंच. त्यांत उन्हाची भर पडते, आणि लाल रंग उन्हाला लवकर बळी पडतो.

आतां या रंगाची रचना पाहा. 1923 सालीं अमेरिकेंत ड्यूको हा झटपट वाळणारा रंग निघाला, आणि मोटार रंगविण्याचें आठवडेच्या आठवडे चालणारें काम थोडक्या वेळांत होऊं लागलें. आपल्याकडे कुर्ल्यास तयार होणाऱ्या जुन्या फियाट-पद्मिनी गाड्यांवर रंगाचाच थर वर असे. त्या घासल्या, कीं फडक्याला रंग लागे. हल्लींच्या गाड्यांवर प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक थर असतो. सारे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पारदर्शक थर तर सुमारें 40 ते 50 मायक्रॉनच, म्हणजे डोक्यावरील केसाहूनहि पातळ.

पॉलिश करतांना ओरखडा भरून निघत नाहीं. त्याच्या भोंवतालचा थर झिजून ओरखड्याच्या तळाशीं येतो, आणि पृष्ठभाग सपाट झाला म्हणजे प्रकाश नीट परततो. सोनाराच्या दुकानांतील केर धुऊन झारेकरी सोन्याचे कण परत मिळवितो. येथें मात्र झिजलेलें परत मिळविणारा झारेकरी कोणी नाहीं.

यंत्रें दोन प्रकारचीं. रोटरीची चकती एकाच मध्याभोंवतीं फिरते. ती काम झपाट्यानें करते, पण एका जागीं रेंगाळली, तर तेथें उष्णता सांचून थर जळतो. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात, तेव्हां त्यांना हीच घर्षणाची उष्णता हवी असते. तिनें लाख वितळून लाकडावर बसते. मोटारीवर तीच उष्णता शत्रु ठरते. दुसरें यंत्र ड्युअल अ‍ॅक्शन. त्याची चकती स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां लहान वर्तुळांतहि हिंडते, आणि फार दाब पडला, तर तिचें फिरणेंच मंदावतें. नवशिक्यानें हेंच घ्यावें.

कामाचा क्रम असा. गाडी सांवलींत उभी करावी. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. साबणाच्या पाण्यानें ती धुवावी. मग क्ले नांवाचा मऊ गोळा ओलसर पृष्ठभागावर हलकेंच फिरवून चिकटलेले कण काढावे. कडा आणि रबराच्या पट्ट्या चिकटपट्टीनें झांकाव्या, कारण कडेवर थर सर्वांत पातळ असतो. आधीं दोन फूट चौरसावर प्रयोग करावा, आणि तोहि सौम्य पॉलिश व मऊ स्पंजानें. भागलें नाहीं, तरच पुढची पायरी. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. ते मंद गतीनें पसरून मग मध्यम गतीनें, आडव्या-उभ्या ओळींत, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर निम्मी येईल अशा बेतानें यंत्र चालवावें. एक वीत ओलांडावयास आठ-नऊ सेकंद लागावे. शेवटीं मऊ फडक्यानें पुसून विजेरीच्या प्रकाशांत पाहावें, आणि स्पंज साफ करूनच पुढच्या चौरसाकडे वळावें.

माझा विद्यार्थी एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणे, "गुरुजी, जोर लावूं नका, यंत्राचें वजन पुरे आहे."

डाव्या दारावर एक लांब ओरखडा होता. मुलीकडे गाडी जाण्यापूर्वीं तो जावा असें मला फार वाटे. त्यानें त्यावरून नख आडवें फिरविलें; नख अडकलें. "गुरुजी, हा राहूं द्या. हा घालवायचा, तर इथला सगळा थर जाईल, आणि ताईंच्या दारीं दोन वर्षांत पापुद्रे निघतील." मीं विचार केला. गाडी देण्याच्या दिवशीं ती डोळ्यांत भरावी ही हौस माझी होती. पुढें ऊनपाऊस सोसणार होती ती मुलीची गाडी. ओरखडा राहिला. टपाच्या एका कोपऱ्यांत पांढरट पापुद्रे आधींच सुटले होते. तेथें आम्हीं यंत्र लावलेंच नाहीं. तशा जागीं नवा रंग देण्यावांचून उपाय नसतो. बाकी गाडीवर मात्र अंगणांतल्या माडाचें प्रतिबिंब स्वच्छ दिसूं लागलें.

काम झाल्यावर मेणाचा हात द्यावा, आणि मृगापूर्वीं तो पुन्हा द्यावा. धूळ कोरडी पुसूं नये, पाण्यानें वाहूं द्यावी. पाढ्यांची उजळणी रोज करा, असें मीं मुलांना जन्मभर सांगितलें. रंगाची उजळणी मात्र वर्षानुवर्षांतून एखादेवेळींच करावी. रोज करावयाची ती फक्त त्याची निगा.