मुलांचे ‘कधी?’ आणि आपले उत्तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी कुरुंदा येथे केलेले भाषण)



मी काही विदुषी नव्हे. लहान मुलांना घेऊन बसण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि आता घरात नातवंडे आहेत. तेव्हा बोलायचे ते मुलांविषयीच, हे ओघानेच आले. मुले दिवसातून शंभरदा विचारतात, ‘कधी?’ ‘आत्या कधी येणार?’ ‘उद्या कधी होणार?’ ‘माझा वाढदिवस झाला का?’ आपण कामाच्या धांदलीत काहीतरी सांगून मोकळ्या होतो. त्या ‘कधी’च्या मागे काय असते, याचा आज थोडा विचार करावा असे मनात आहे.

१० जुलै २०२४ ची सकाळ आपल्यापैकी कुणी विसरली नसेल. बुधवार होता. सात वाजून चौदा मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात होते आणि त्याची तीव्रता ४.५ होती. धक्का नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. आपण सगळ्या जणी पोराबाळांना काखोटीला मारून बाहेर आलो होतो. माझा नातू तेव्हा साडेचार वर्षांचा. त्याचे आजोबा घड्याळाकडे बघून म्हणाले, “सव्वासात झालेत.” तेवढा शब्द पोराने धरून ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते. तो धावत आला आणि माझा पदर ओढू लागला. “आजी, बाहेर चल! सव्वासात आले!” पाहते तो खरेच, मोठा काटा तीनवर आणि लहान काटा सातच्या किंचित पुढे. सकाळचेच चित्र हुबेहूब उमटले होते. घरातली मंडळी हसली. मीही हसले. मग त्याचा हात हातात घेतला, तर तो गार पडला होता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी विचार केला, तेव्हा पोराचे काही चुकले होते असे मला वाटेना. घड्याळात सव्वासात परत येतातच, आणि दिवसातून दोनदा येतात. पण बुधवार, दहा जुलै मात्र पुन्हा येत नाही, हे त्याला कुणी दाखवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी रोजचे पान फाडायचे कॅलेंडर आणवले आणि घड्याळाच्या शेजारी टांगले. दहा तारखेचे पान फाडून त्याच्या हातात दिले आणि म्हटले, “हे बघ, घड्याळाचे काटे गरागरा फिरून जागेवर येतात. पण हे पान आता परत चिकटायचे नाही.” रोज सकाळी पान फाडण्याचे काम त्याचे ठरले.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. “आजी, परत हलंल का?” भगिनींनो, येथे माझी परीक्षा होती. ‘छे, आता कधीच नाही,’ असे म्हणून त्याला निजवणे सोपे होते. पण आपल्या भागात त्याआधी मार्चमध्येही धक्के बसले होते. मी म्हटले, “हलेल की नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. पण घड्याळ बघून काही भूकंप येत नाही. आणि हललेच तर आपण सगळे मिळून अंगणात जाऊ, तुला सोडून कुणी जाणार नाही.” त्याचे समाधान लगेच झाले नाही. पुष्कळ दिवस तो सव्वासाताला उंबऱ्यात जाऊन उभा राही. साधारण महिन्याने एके संध्याकाळी तो खेळत राहिला आणि सव्वासात कधी होऊन गेले, ते त्याला कळलेही नाही.

लहान मुलाचा काळ आपल्यासारखा सरळ ओळीत नसतो. तीन-चार वर्षांचे मूल बिनदिक्कत सांगते, ‘उद्या मी मामाकडे गेलो होतो.’ त्याला काल आणि उद्या म्हणजे ‘आज नव्हे’ एवढेच कळलेले असते. स्वित्झर्लंडमधील झां पियाजे या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या काळाच्या कल्पनेचा पुष्कळ अभ्यास केला. १९२८ साली आइनस्टाइनने त्यांना या विषयासंबंधी प्रश्न विचारला होता आणि पियाजे यांचे त्यावरील पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले. लहान मुले वय उंचीवरून ठरवतात, असे त्यांना आढळले. जो उंच तो वयाने मोठा! आपल्या घरीही हे दिसते. आजी बुटकी आणि बाबा उंच, म्हणून बाबा आजीपेक्षा मोठे, असा निकाल मुले खुशाल देतात. हा मूर्खपणा नव्हे. डोळ्यांना दिसते त्यावरून ती न दिसणाऱ्याचा अंदाज बांधीत असतात.

आणि आपल्या घरच्या जुन्या बायका तरी काय करीत असत? त्यांना सन कुठे ठाऊक होते? ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी थोरला रांगत होता,’ म्हणजे सप्टेंबर १९४८. ‘धाकटीचा जन्म दुष्काळातला,’ म्हणजे १९७२. दिवसाचेही तसेच. तांबडे फुटले, कासराभर दिवस वर आला, गुरे परतली, दिवेलागण झाली, निजानीज झाली. या मोजणीवर त्यांनी संसार केले, पेरण्या केल्या. मूल म्हणते, ‘वासरू झालं त्या दिवशी,’ ते याच जुन्या रीतीने. म्हणून मुलाला काळ शिकवायचा तो आधी कामांच्या क्रमाने शिकवावा. आधी अंघोळ, मग न्याहारी, मग अंगणवाडी. घड्याळ पुढे येईलच.

घड्याळ शिकवताना आपण फार घाई करतो, असे मला नेहमी वाटते. पाच वर्षांच्या मुलाला पाहुण्यांपुढे उभे करून ‘सांग किती वाजले?’ म्हणायचे आणि चुकले की ‘एवढे येत नाही का?’ म्हणून हिणवायचे. अहो, त्या बिचाऱ्यापुढे केवढा गोंधळ असतो! एकाच तबकडीवर तीनचा आकडा एका काट्यासाठी तीन असतो आणि दुसऱ्यासाठी पंधरा. त्यात आपली मराठी भाषा! साडेतीन, साडेचार, साडेपाच असे शिकलेले मूल ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणते. आपण हसतो आणि दीड, अडीच सांगतो. वास्तविक हसण्याऐवजी त्याची पाठ थोपटावी, कारण नियम त्याला बरोबर सापडलेला असतो. अपवाद तेवढा सापडायचा असतो. पाऊण आणि पावणे तर आणखी अवघड. ‘पावणेचार’ म्हणताना तोंडात चार असतात आणि घड्याळात अजून चार वाजलेले नसतात.

यासाठी माझा साधा क्रम असा. प्रथम पुठ्ठ्याच्या तबकडीला एकच, लहान काटा लावावा. तो पाचवर आला की पाच, पाच आणि सहाच्या मधे असला की ‘पाच वाजून गेले’. हे पक्के झाल्यावर मोठा काटा आणावा. आधी पूर्ण तास, मग साडे, मग सव्वा आणि शेवटी पावणे. पाव, अर्धा आणि पाऊण हे भाकरीच्या चार चतकोरांवर दाखवले की लवकर समजते. मिनिटे सात-आठ वर्षांचे होईतो राहू द्यावीत. त्याने काही बिघडत नाही.

पण काळ वाहतो कसा, हे मुलांना डोळ्यांनी पाहायचे असते. त्यासाठी आपल्या पूर्वजांची युक्ती फार छान आहे. पूर्वी लग्नात मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा साठ घटिकांचा एक दिवसरात्र. जुन्या डब्याच्या झाकणाला दाभणाने छिद्र पाडा आणि घंगाळात सोडा. आपले झाकण काही बरोबर २४ मिनिटांनी बुडणार नाही. पण ‘हे बुडेपर्यंत मी धुणे धुते, मग गोष्ट सांगते,’ म्हटले की मूल गुडघे टेकून पाहत बसते.

दुसरी गंमत सावलीची. अंगणात काठी रोवावी आणि सावलीच्या टोकाला चुन्याने खूण करीत जावे. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल असे मुलांना वाटते. पण आपल्या कुरुंद्यात ती सरासरीने बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पडते आणि ऋतूप्रमाणे दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे होते. याचे कारण असे, की भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरलेली आहे आणि आपण सुमारे सत्त्याहत्तर अंशांवर राहतो. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने आपला सूर्य घड्याळामागे वीस-एकवीस मिनिटे राहतो. मुंबई आणखी पश्चिमेला. तिची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ती तेथे काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालू होती! मुले विचारतील, ‘म्हणजे घड्याळ खोटे?’ त्यांना सांगावे, खोटे नव्हे. साऱ्या देशाची गाडी एका वेळी सुटावी म्हणून सर्वांनी मिळून ठरवलेले आहे.

वेळ ही अशी माणसांनी ठरवलेली गोष्ट असल्याने ती माणसांच्या सोयीने वळवताही येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात. शाळेच्या घंटेला ती येणार कशी? तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरत तेथे, कुरणातच शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाच्या वेळेचा मान राखणे म्हणजे काय, ते या बायकांनी दाखवून दिले.

आता शेवटी माझीच एक चूक सांगते, म्हणजे बोलणे पुरे होईल. माझी थोरली मुलगी चार वर्षांची असताना माझ्या आईच्या दुखण्याची चिठ्ठी आली. पोर रडेल, म्हणून ‘पाच मिनिटांत येते गं,’ असे सांगून मी मागच्या दाराने निघाले. आले ती नवव्या दिवशी. सासूबाईंनी सांगितले, पोर रडली नाही. रोज दिवेलागणीला मागच्या दारात जाऊन बसत असे. पुढे कितीतरी दिवस मी ‘पाच मिनिटांत येते’ म्हटले की ती काही न बोलता माझा पदर मुठीत धरी. मी शिकवले ते ती शिकली होती. पाच मिनिटे म्हणजे आई जाते ती कधी येईल त्याचा भरवसा नसणे, हा अर्थ मीच तिला दिला होता.

भगिनींनो, आपल्या भागातली कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात, कुणी पुण्या-मुंबईला कामाला जातात, कुणी दवाखान्यात राहतात. मागे राहिलेले मूल आजीला विचारते, ‘माय कधी येणार?’ त्याला ‘उद्या, उद्या’ म्हणून फसवू नये. कॅलेंडरवर खूण करून द्यावी. तारीख ठाऊक नसेल तर ‘होळीच्या सुमाराला, पण दोन-चार दिवस इकडे तिकडे होतील’ असे सांगावे. उशीर होणार असेल तर तेही सांगावे. मूल रडेल, रडू द्यावे. ते रडणे दाराकडे डोळे लावून गप्प बसण्यापेक्षा बरे.

येत्या वर्षी आपण एवढेच करून पाहू. घरोघरी घड्याळाशेजारी पान फाडायचे कॅलेंडर टांगू. आणि ‘पाच मिनिटे’ म्हणू तेव्हा पाच मिनिटांत येऊ, जमणार नसेल तर ‘भाकरी होईपर्यंत थांब’ म्हणू. घड्याळ हाती येण्यापूर्वी मूल आपल्या शब्दावरूनच वेळ ओळखत असते.

मी बरोबर साडेपाचला घरी येईन असे नातवाला सांगून आले आहे. तेव्हा आता आपली रजा घेते.