गाडीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर

जुन्या फियाट किंवा अँबेसेडरचा व्यवहार कधी कधी एका आकड्यावर अडतो. गाडीवर कोरलेला चॅसिस किंवा इंजिन नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळत नाही. कारण बऱ्याचदा साधेच असते: हाताने भरलेल्या नोंदवहीतला इंग्रजी एक संगणकात सात होतो, शून्याच्या जागी ‘ओ’ बसतो. अमेरिकेत १९८१पासून सक्तीच्या झालेल्या सतरा अंकाक्षरी क्रमांकांतून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे याच घोळापायी वगळली. जुन्या, आखूड नंबरांना ते संरक्षण नाही.

तपासाची सुरुवात गाडीपासूनच व्हावी. गंज आणि रंगाचे थर हलक्या हाताने काढून कोरीव आकड्यांवर कागद ठेवायचा, त्यावर पेन्सिल घासली की ठसा उमटतो. हा ठसा, मूळ बिल आणि जुनी विमा पॉलिसी हाती असली, की आरटीओकडे दुरुस्तीचा अर्ज करणे सोपे जाते. इंजिनच बदललेले असेल, तर मामला लेखनदोषाचा राहत नाही. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, नोंद न केलेल्या बदलाचा ठरतो. परस्पर नंबर ठोकून घेण्याचा ‘सोपा’ मार्ग सर्वांत घातक, कारण त्यातून थेट चोरीच्या गाडीचा संशय येतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने इसार देण्याआधीच हा ठसा आरसी बुकाशी ताडून पाहावा.