अंगातला जीव कुठे गेला?

(विहाराच्या वर्धापनदिनी तलवाडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

उपासक-उपासिका हो, आम्हाला आज विषय दिला आहे आहाराचा. काहींना वाटेल, विहारात भाजी-भाकरीचं काय काम? तर त्याचं उत्तर धम्मातच आहे. भगवान बुद्ध आळवी नगरीत गेले तेव्हा एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. बिचारा रानभर हिंडला, बैल शोधला आणि उपाशीपोटी दमून देशना ऐकायला आला. सगळा समुदाय थांबलेला. भगवंतांनी आधी विचारलं, काही अन्न उरलं आहे का? त्याला जेवू घातलं, आणि मगच बोलायला सुरुवात केली. उपाशी माणसाला ज्ञान सांगू नये, हे ज्यांना कळत होतं त्यांच्या विहारात भाकरीवर बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्या वस्तीत कुणाही बाईला विचारा, कसं काय बाई? उत्तर ठरलेलं. "काय सांगावं, अंगात जीवच न्हाई. उठलं की डोळ्याम्होरं अंधारी येतीय, हातपाय गळून जातेत." घरातली माणसं म्हणतात आळस आहे. सासू म्हणते, आमच्या वेळेला असं नव्हतं. कुणी म्हणतं टॉनिक आण, कुणी म्हणतं बाटली लाव. आमचं म्हणणं असं, की हा आळस नव्हे. बहुतेक वेळा ते रक्त कमी असणं आहे. रक्तातला जो लाल पदार्थ अंगभर प्राणवायू पोचवतो तो लोहापासून बनतो. लोह कमी पडलं की प्राणवायू कमी पोचतो, आणि मग साधी घागर उचलली तरी धाप लागते.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींचं रक्त कमी निघालं. पुरुषांत हेच प्रमाण शंभरात २२. एवढा फरक का, याचा विचार करा. बाईचं दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली जे प्रमाण ठरवलं त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं तर बाईला २९. म्हणजे बाईला दीडपट. आणि आपल्या घरात जेवायला शेवटी कोण बसतं? कोरड्यास संपलेलं, पातेलं खरवडायचं, मिरचीच्या ठेच्यासंगं भाकर मोडायची आणि उठायचं. जिला दीडपट पाहिजे तिला उरलंसुरलं! पंचशील रोज म्हणणाऱ्या घरातही हीच तऱ्हा असते, हे आम्ही मुद्दाम पुरुषमंडळींकडे बघून सांगतो.

आधी बाटलीचं बोलून घेऊ. थकवा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे खोड लागली आहे. दिवसभराची मजुरी त्यात जाते आणि बाई म्हणते, बरं वाटलं. त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची असली तर २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. त्यात लोह नाही. दोन तास आडवं पडायला मिळालं, कुणी काम सांगितलं नाही, त्याचंच निम्मं बरं वाटणं असतं. जुलाब-ओकारीने माणूस गळाला, पाणी पोटात ठरत नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवते, ते वेगळं. पण तिथंसुद्धा तोंडाने पाणी किती काम करतं ते बघा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आलं. तिथले डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर नि सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. शंभरात तीस माणसं मरत होती, ती चारच्या खाली आली. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, डावला नव्हे.

आता भाकरीकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली धान्यांचे तक्ते छापले. त्यात शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह आहे, ज्वारीत चार, आणि पांढऱ्या तांदळात एकसुद्धा भरत नाही. पूर्वी आपल्याकडे हिवाळाभर बाजरी असायची. मग रेशनचा गहू-तांदूळ आला. तो आपला हक्क आहे, तो सोडा असं आम्ही म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं इथं बसली आहेत, त्यांना पोटभर भाताची किंमत माहीत आहे. पण भात आला म्हणून बाजरी घालवायची गरज नव्हती. आठवड्यातून चार दिवस तरी बाजरीची भाकर तव्यावर पडू द्या. पीठ एकदम दळून ठेवू नका, बाजरीच्या पिठाला लवकर कडवटपणा येतो. ज्यांच्याकडे तुकडाभर रान आहे त्यांनी बियाणं घेताना चौकशी करावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने संभाजीनगरच्या केंद्रावर एएचबी १२०० नावाची बाजरी काढली आहे, तिच्यात किलोला ७३ मिलिग्रॅम लोह धरलेलं आहे. राहुरीच्या विद्यापीठाची 'धनशक्ती'ही तशीच.

रेशनच्या तांदळाचं एक राहिलं. गेल्या काही वर्षांत त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून दिले गेले. ते दाणे जरा वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. आपल्या बायकांनी ते "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकले. असा दाणा दिसला तर फेकू नका, तोच कामाचा.

एक गैरसमज काढून टाकू. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून त्यानं रक्त वाढतं असं लोक धरून चालतात. फळ खा, चांगलंच आहे. पण रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही. डाळिंबात लोह अगदीच नाममात्र. गुळाचंही तसंच. खडा तोंडात टाकला म्हणजे रक्त झालं, असं होत नाही. खरं लोह आहे हुलग्यात, तिळात, कारळात, हळीवात, मटकीत आणि बांधावरच्या पालेभाज्यांत. तांदुळजा, चाकवत, घोळ, माठ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा कोवळा पाला, ही सगळी फुकटातली. तणनाशक मारलेल्या रानातली मात्र आणू नका. आमच्या आयांना शंभर भाज्या ओळखता यायच्या, आमच्या लेकींना दहा येत नाहीत. कारळाची चटणी जेवताना दोन चमचे घेतली तरी तिचा हिशोब लागतो. हुलग्याचं माडगं तर गरिबाचं टॉनिकच.

आणि जो खातो त्याने काळीज, मटण, मासे, अंडी खायला लाजू नये. मांसातलं लोह अंगाला लवकर लागतं. शिवाय बी-१२ नावाचं जीवनसत्त्व पालेभाजीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच. त्याची उणीव झाली तर हातापायाला मुंग्या येतात, जीभ गुळगुळीत होते. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं, त्यात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या चुली कशावर पेटत होत्या ते लिहिलेलं आहे. आमच्या आजा-पणजाने जे खाल्लं ते आवडीने निवडलेलं नव्हतं, वाट्याला आलेलं होतं. म्हणून "जुनं ते सगळं सोनं" असं आम्ही म्हणत नाही. त्यातलं उपयोगाचं आपण आज आपल्या मर्जीने निवडू, एवढंच.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. चहा! जेवणासंगं किंवा जेवल्या-जेवल्या चहा घेतला तर भाजी-भाकरीतलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. चहा सोडा असं सांगितलं तर इथून आम्हाला कुणी पुन्हा बोलावणार नाही, म्हणून एवढंच सांगतो, जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा. आणि उलटं, जेवताना लिंबू पिळलं, आवळा नाहीतर पेरूची फोड खाल्ली, तर तेच लोह अंगाला जास्त लागतं. आवळ्यात क जीवनसत्त्व लिंबाच्या कितीतरी पट. मोड आणलेली मटकी, आंबवलेली आंबील, यांतलंही लोह चांगलं मिळतं. जर्मनच्या पातेल्यांनी घरातली लोखंडी कढई माळ्यावर गेली, ती खाली काढा. आंबट भाजी तिच्यात शिजली की तिचं लोह थोडं भाजीत उतरतं. फक्त भाजी तिच्यातच ठेवू नका, काळी पडते.

पण ज्या बाईचं रक्त सात-आठवर आलं तिला नुसत्या भाजीने भागत नाही, हे स्पष्ट सांगतो. बाईला बारा पाहिजे, गरोदर बाईला अकरा, पुरुषाला तेरा. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्या फडताळात पडून राहतात, कारण मळमळतं आणि शी काळी होते. काळी होते ती लोहानेच, भिऊ नका. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या. चहा-दुधासंगं घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. रक्त भरल्यावरही तीन महिने चालू ठेवा, नाहीतर पुन्हा तिथंच. जंताची गोळीही डॉक्टरांना विचारून घ्या. गोळ्यांनीही थकवा हटला नाही तर साखर, थायरॉईड, क्षय तपासून घ्या.

तरुण पोरांना एक सांगायचं. टपरीवर रंगीत बाटल्या आल्या आहेत, पिली की ताकद येते म्हणतात. कायद्याने त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, आणि लहान मुलं व गरोदर बायांसाठी नाही, असं बाटलीवर बारीक अक्षरांत छापावं लागतं. ती ताकद नव्हे, घोड्याला मारलेला चाबूक आहे. तहान लागली तर ताक प्या, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या.

आता जे बोलायला जीभ अडखळते ते बोलतो. आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो कोयते ऊसतोडीला जातात. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, फडात मोळ्या डोक्यावर वाहायच्या, खाडा झाला तर पैसे कापले जायचे. अंगावर जास्त जातं, पोट दुखतं, आणि कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जिल्ह्याचा हिशोब आला. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो होतो. त्यातल्या किती जणींचं आधी रक्त तपासलं असेल? अंगावर जाणं गोळ्यांनी थांबवता येतं, ते बहुतेक वेळा आधी करून बघता येतं. पिशवीसंगं बीजकोषही काढले तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि थकवा कायमचा घरी येतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामकरी बाईच्या देहाला विसावा हवा, हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडलं. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर लगेच उचल घेऊन दवाखान्यात जाऊ नका. आधी रक्त तपासा, सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टराला दाखवा, आणि घरच्या पुरुषाने बाईबरोबर जावं.

फडात बायका पाणी पीत नाहीत, कारण आडोसा नसतो. त्याने लघवीची आग होते, ताप येतो. टोळीत चार चादरी नि चार बांबूंचा आडोसा पहिल्या दिवशी उभा करायचं काम गड्यांनी घ्यावं. मुकादमाची वाट बघू नये.

दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात. त्याआधी रक्त तपासून आकडा कागदावर लिहून घ्या, सहा महिन्यांच्या गोळ्या मागा, गरोदर असाल तर माता-बाल कार्ड संगं ठेवा. भांड्यांत लोखंडी तवा नि कढई टाका. शेरभर हुलगे, तेवढीच मटकी, कारळाच्या चटणीचा डबा, लिंबाचं लोणचं, वाळवलेला आवळा. बालाघाटची सीताफळं त्याच सुमाराला पिकतात, ती वाटेत पोरांना खायला घ्या. आणि फडात भाकरीचं फडकं सोडलं की पहिला घास कोण घेतं, ते यंदा जरा बघा.

जयभीम.