एक सुटलेला टाका
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "शाल विणण्यावर बोलतो." सगळे हसले. रूळ सांभाळणाऱ्या डिप्लोमावाल्याने लोकरीवर काय बोलावे! पण गेल्या हिवाळ्यात एका शालीने मला जे शिकवले, ते वीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो नव्हतो.

शाल सुरू केली आमच्या आईने. लुधियानात राहून लोकर आणायची नाही, हे तिला पटणारे नाही. शाल निम्मी झाली आणि तिचे हात थरथरू लागले. सुया माझ्याकडे देऊन म्हणाली, "आता तूच पुरी कर." उलट आणि सुलट, असे दोनच टाके तिने शिकवले.

पहिली चूक मापाची. दोन रुळांमधले 1676 मिलिमीटर अंतर तपासणे हे माझे रोजचे काम, पण लोकरीत मी मोजलेच नाही. शालीला 130 टाके. आईचा हात सैल, तिचे 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसत. माझा हात घट्ट, माझे 22. टाके तेवढेच, पण 65 सेंटिमीटर रुंदीची शाल माझ्या हातात 59 वर आली! दहा ओळी उसवल्या. 8 नंबरच्या सुया ठेवून 7 नंबरच्या, म्हणजे जरा जाड सुया घेतल्या. जमले.

दुसरी चूक मात्र सांगायला लाज वाटते. एका रात्री टाके मोजले तर 129. एक टाका कुठेतरी सुटला होता. शोधायचा कंटाळा केला. दोन टाक्यांमधला धागा उचलून एक नवा टाका घातला. 130 झाले, हिशेब जुळला! तीन दिवसांनी सुटलेला टाका चौदा ओळी खाली घसरलेला दिसला. मधे शिडीसारखी उभी फट पडली होती.

आई रागावली नाही. क्रोशाची सुई घेऊन शेजारी बसली. तळाचा टाका सुईत धरायचा आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून घ्यायची, हे तिने मला दाखवले. मग एवढेच म्हणाली, "अरे, त्याच रात्री सांगितलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पूर्वीच्या एका ठिकाणी हाताखालच्या एका नव्या मुलाने एका जागी माप न घेताच रजिस्टरमध्ये 1676 लिहिले होते. मी फेरतपासणी केली म्हणून ते उघड झाले. सगळ्या गँगसमोर मी त्याला नको नको ते बोललो. त्यानंतर बरेच दिवस कोणीही आपली चूक माझ्याकडे आणली नाही. मला वाटले, काम सुधारले. खरे म्हणजे टाके सुटतच होते, फक्त मला कोणी सांगत नव्हते. आणि मित्रहो, आपल्या कामात सुटलेल्या टाक्यावरून गाडी जाते.

त्या मुलाने केले तेच मी शालीत केले होते. त्याच्या वाट्याला आई आली नाही, मी आलो. या जानेवारीत त्याला फोन करून माफी मागितली. आज माझ्याकडे नियम साधा आहे. माप चुकवू नका. चुकले तर त्याच दिवशी सांगा, सांगणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत. लपवले, तर मात्र गय नाही.

फेब्रुवारीत शाल पुरी झाली. शेवटचे टाके सैल हाताने बंद केले, नाहीतर कड आवळते. धाग्यांची टोके आत ओवली. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून सावलीत वाळवली. जोडलेली चौदा ओळींची रेघ उजेडात धरली की अजून दिसते. आई ती पुसू देत नाही.

भाद्रपदाच्या या उकाड्यातही ती शाल मांडीवर घेऊन आई पहिल्या रांगेत बसली आहे. ज्यांना रेघ पाहायची असेल त्यांनी आरतीनंतर तिच्याकडे जावे.

गणपती बाप्पा मोरया!