शांतिविचाराचे दुकान

(शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'दुकान' हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. परोपकाराचा आव आणून कोणी आपली तुंबडी भरू लागला, म्हणजे 'त्याने दुकान मांडले' असे लोक म्हणतात. त्यामुळे शांतता, अहिंसा आणि सामाजिक न्याय यांच्या शिक्षणाकरिता कोणी खरोखरीचे दुकान काढावे, त्यात फळ्या, गल्ला आणि खतावणी असावी, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि अशी दुकाने निघालेली आहेत, त्यांपैकी काही दीर्घकाळ टिकलेली आहेत, आणि ती का टिकली व कोठे अडखळली हे समजून घेणे आपल्यासारख्या ठिकाणी अधिक उपयोगाचे आहे. कारण तालुक्याच्या गावी वह्या, गाइडे आणि पंचांगे यांखेरीज अन्य छापील मजकूर विकत मिळण्याची सोय बहुधा नसते.

या विक्रीचा आपल्या देशातील सर्वांत ठळक प्रसंग दुकानात नव्हे, तर मुंबईच्या रस्त्यावर घडला. दिनांक ६ एप्रिल १९१९ रोजी, रौलट कायद्याच्या निषेधार्थ पाळलेल्या हरताळाच्या दिवशी, बंदी असलेली पुस्तके उघडपणे विकून कायदेभंग करावयाचा असे ठरले होते. निवडलेल्या पुस्तकांत 'हिंद स्वराज्य' आणि रस्किनच्या ग्रंथावरून गांधीजींनी लिहिलेले 'सर्वोदय' ही दोन होती. गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून विक्रीस निघाले. किंमत चार आणे ठेवली होती. परंतु चारच आणे देणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटला. पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या नोटा लोकांनी पुढे केल्या, आणि एका प्रतीला पन्नास रुपये मिळाल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नमूद करून ठेवले आहे. पुस्तक घेतल्यास तुरुंगात जावे लागण्याचा संभव आहे, ही सूचना प्रत्येकास दिली जात होती. तरी प्रती हातोहात खपल्या. सरकारने पुढे असा निर्वाळा दिला की, विकली गेलेली पुस्तके ही नवी आवृत्ती असून बंदी जुन्या आवृत्तीवर होती, सबब गुन्हा घडला नाही! ही बातमी ऐकून लोकांची थोडी निराशाच झाली.

या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुस्तके फुकट वाटली नाहीत, विकली. फुकट आलेली पुस्तिका माणूस घडी करून खिशात घालतो आणि परीट ती धुऊन काढतो. खिशातील नाणे मोजून घेतलेली पुस्तिका तो निदान एकदा तरी उघडतो. आपल्या अनेक खात्यांची सुंदर छापलेली माहितीपत्रके ग्रामपंचायतीच्या कपाटात गठ्ठ्यांनी का पडून असतात, याचेही उत्तर काही अंशी यात सापडेल.

पूर्ण अर्थाने दुकान म्हणावे असे उदाहरण लंडनमधील 'हाऊसमन्स' या पुस्तकालयाचे होय. लॉरेन्स हाऊसमन हे इंग्रज नाटककार व चित्रकार. स्त्रियांच्या मताधिकाराचे कट्टर पुरस्कर्ते आणि युद्धविरोधी. हिंदुस्थानशी त्यांचा संबंध असा की, १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला पोहोचले, त्या १२ सप्टेंबरच्या दिवशी क्वेकर पंथीयांच्या सभागृहात त्यांचे जे स्वागत झाले, त्या सभेचे अध्यक्षस्थान हाऊसमन यांनी भूषविले होते. पुढे दुसरे महायुद्ध संपताच 'पीस प्लेज युनियन' या युद्धत्यागाची प्रतिज्ञा घेणाऱ्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९४५ मध्ये शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यू या नाटकगृहांच्या रस्त्यावर पुस्तकांचे दुकान उघडले आणि त्यास त्यांचे नाव दिले. त्या वेळी हाऊसमन ऐंशी वर्षांचे होते. शहर बाँबहल्ल्यांनी पडझड झालेले, कागद अद्याप नियंत्रित, आणि विजयाच्या आनंदात युद्धविरोधी मंडळींना विचारतो कोण, अशी स्थिती. अशा समयी हा दिवा लावला गेला.

तीन वर्षांत तो विझण्याच्या बेतास आला. कारण विचारांतील उणीव नव्हे, जागेचे भाडे. १९४८ मध्ये ती जागा सोडावी लागली. त्यानंतर सुमारे दहा वर्षे 'पीस न्यूज' या नियतकालिकाच्या कचेरीतून टपालाने पुस्तके पाठवून आणि सभांच्या ठिकाणी टेबल मांडून विक्री चालली. नाव राहिले, दुकान मात्र नव्हते. पुढे एका पाद्र्याने दिलेल्या मोठ्या देणगीतून किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ, कॅलेडोनियन रस्त्यावरील पाच क्रमांकाची इमारत विकत घेतली गेली आणि १९५९ साली दुकान तेथे आले. ज्यांचे नाव दुकानावर होते ते हाऊसमन त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत निवर्तले.

इमारत स्वतःची झाली, हा या कथेतील खरा कलाटणीचा प्रसंग होय. तो भाग त्या काळी गरिबीचा आणि काहीसा बदनामही होता. पुढे तेथील जागांचे भाव आकाशाला भिडले. भाड्याच्या जागेतील एखादे दुकान त्या लाटेत वाहून गेले असते. वरच्या मजल्यांवर 'पीस न्यूज', 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' ही तुटलेल्या बंदुकीचे बोधचिन्ह मिरविणारी जागतिक संघटना, आणि वेळोवेळी इतर लहानमोठ्या चळवळींनी आपल्या कचेऱ्या थाटल्या. खाली पुस्तके आणि वर माणसे, अशी ती रचना. या दुकानाने केवळ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांवर भिस्त ठेवली नाही. कागद, पाकिटे, लेखनसामग्री, भेटकार्डे हीही तेथे मिळत. दरसाल एक शांतता-दैनंदिनी निघे व तिच्या मागील पानांत देशोदेशीच्या शांतता संघटनांचे पत्ते असत. दैनंदिनी हे मोठे चतुर साधन. घेणारा ती तारखांसाठी घेतो. पत्ते त्याच्याकडे वर्षभर आपोआप राहतात.

येथे कोणी म्हणेल, ही साहेबांच्या देशाची गोष्ट झाली. आपल्याकडे या व्यवहारातील सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे कोणाचे पुस्तक ठेवावे आणि काय किमतीस, हा १९३६ सालीच दोन थोर पुरुषांमध्ये उपस्थित झाला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळ बिचकले व परिषद रद्द झाली. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचा परामर्श घेतला. पुस्तकातील प्रतिपादनाशी त्यांचा तीव्र मतभेद होता. परंतु कोणत्याही सुधारकाने ते वाचल्यावाचून राहू नये, असे त्यांनी बजावले आणि आठ आणे ही किंमत जास्त असून ती दोन, निदान चार आणे करावी, अशी सूचना केली. ज्याचे म्हणणे मान्य नाही त्याचे पुस्तक स्वस्त व्हावे, असे म्हणणारा टीकाकार विरळाच. बाबासाहेबांनीही दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला आपले सडेतोड उत्तर, दोन्ही छापली. म्हणजे वादाच्या दोन्ही बाजू एकाच पुठ्ठ्यात वाचकाच्या हाती पडल्या.

शांतिविचाराचे दुकान काढणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. ज्या फळीवर गांधी-विनोबा आहेत आणि फुले-आंबेडकर नाहीत, ते दुकान शांततेचे नसून केवळ गप्प बसण्याचे होईल. गावात पाणवठ्यावरून, स्मशानभूमीच्या रस्त्यावरून, मंदिरप्रवेशावरून तंटा उद्भवतो, तेव्हा 'शांतता राखा' हा उपदेश ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच बहुधा ऐकविला जातो. त्या माणसाला दुकानात शिरल्यावर आपल्या बाजूचे पुस्तक दिसले पाहिजे. याला कोणी भांडण लावणे म्हणतील. म्हणोत.

अशा पुस्तकांना गिऱ्हाईक नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जाऊन यावे, किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे, पुष्कळशी मजुरी करणारी, पुस्तकांच्या रांगोरांगी दुकानांपुढे उभी असतात. म्हातारी बाई नातवाला पुढे करते आणि 'यातले कोणते वाचू रे?' म्हणून विचारते. स्वतःला अक्षर येत नसताना घरी पुस्तक असावे म्हणून ते नेणारेही आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड अल्प किमतीत प्रसिद्ध केले. त्यांच्या विक्रीला झुंबड उडते आणि खंड संपले असल्यास लोक हळहळत परततात. ग्रंथव्यवहाराची चर्चा करणारे विद्वान वाचक कमी झाल्याची खंत व्यक्त करतात तेव्हा हा वाचक त्यांच्या हिशेबात का येत नाही, कोण जाणे.

गोमंतकात म्हापशाला 'द अदर इंडिया बुकस्टोअर' हे दुकान गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नावारूपास आले. क्लॉड आल्वारिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या या दुकानाचा नियम कडक होता: युरोप-अमेरिकेतील धनाढ्य प्रकाशकांची पुस्तके ठेवावयाची नाहीत, आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका येथील लेखकांचीच ठेवावयाची. शेती, पर्यावरण, शिक्षण, आरोग्य हे मुख्य विषय. म्हापशासारख्या गावात राहून एवढ्या निवडक पुस्तकांवर गुजराण होणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी सूचिपत्र छापून टपालाने देशभर विक्री केली. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्या नैसर्गिक शेतीवरील ग्रंथाची आवृत्ती त्यांच्याच प्रकाशनसंस्थेने काढली. शुक्रवारच्या बाजाराला मिरच्या आणि खोबरे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला मात्र तेथे फारसे काही मिळत नसे; कारण पुस्तके बहुतांशी इंग्रजी. ही उणीव मराठी व कोकणी भाषकांनीच भरून काढावयास हवी होती.

आता थोडा हिशेब. शंभर रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्यास तीस रुपये सूट मिळते असे धरू. भाडे चार हजार, वीज व किरकोळ खर्च एक हजार आणि बसणाऱ्या व्यक्तीचे मानधन दहा हजार, असा मासिक खर्च पंधरा हजार धरला, तर तो भागविण्यास महिन्याकाठी पाचशे पुस्तके, म्हणजे पंचवीस दिवसांत रोज वीस पुस्तके विकावी लागतील. हे आपल्याकडे होणे नाही. वाचनालयाने किंवा पंचायतीने एक खोली विनामूल्य दिली तर भाड्याचे चार हजार वाचतात आणि आकडा रोज पंधरा पुस्तकांवर येतो. हेही अवघडच, पण त्यात शाळेच्या वह्या, पेने, राखीपौर्णिमा आणि दिवाळीची कार्डे व दिनदर्शिका यांचा नफा मिळविला तर तोंडमिळवणी होऊ शकते. लंडनच्या मंडळींनी पाकिटे विकली, ती हौसेने नव्हे.

पहिल्या खरेदीत भांडवल अडकवू नये. पुष्कळ प्रकाशक 'विका अथवा परत करा' या बोलीवर प्रती देतात; परतीची मुदत मात्र वहीत तारखेसह टिपून ठेवावी. शिक्षकांना उधारी द्यावी काय, हा नाजूक प्रश्न या सभेत विचारणे धार्ष्ट्याचे होईल! तरी सांगावयास हवे की, अशी दुकाने बुडाली ती शत्रूंमुळे नव्हे, तर उधारी मागण्याचा संकोच वाटणाऱ्या मित्रांमुळे. कोकणपट्टीच्या पावसात भिंतीला टेकून फळ्या लावू नयेत. वीतभर अंतर सोडावे, खालची फळी जमिनीपासून उंच ठेवावी, आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी गठ्ठे उघडून वारा द्यावा. वाळवीला विचारसरणी नसते.

टपालाच्या बाबतीत एक अडचण आली होती व ती काही अंशी दूर झाली आहे. सवलतीच्या दरात नोंदणीकृत पुस्तके पाठविण्याची जुनी सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा लहान प्रकाशक हवालदिल झाले. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे तिचे सुरुवातीचे दर ठरले. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांस ती लागू असून जाहिराती असलेली नियतकालिके तीत बसत नाहीत. एकेक पुस्तक मागविण्यापेक्षा पाच किलोचा गठ्ठा मागविण्यात किती बचत होते, हे गणिताच्या शिक्षकांनी मुलांकडूनच काढून घ्यावे.

पुस्तके घेण्याची ऐपत नसलेला, किंवा दुकानात येऊच न शकणारा वाचकही असतो. मुंबईच्या सर्वोदय मंडळाने ताडदेवच्या आपल्या गांधी पुस्तक केंद्राबरोबरच तुरुंगांतील बंदिवानांसाठी गांधीविचारावरील परीक्षा सुरू केल्या. परीक्षेच्या निमित्ताने पुस्तक आत जाते, आणि तुरुंगात वेळ भरपूर असल्याने ते वाचलेही जाते. शाळांनी या प्रकारची परीक्षा घेण्यास प्रत्यवाय नाही. फक्त तिचे गुण वार्षिक निकालात धरू नयेत, नाहीतर महिन्याभरात तिचेही गाइड निघेल.

दुकानात दोन वह्या असाव्यात. एक विक्रीची. दुसरीत, गिऱ्हाइकाने मागितले परंतु दुकानात नव्हते, अशा प्रत्येक पुस्तकाचे नाव लिहावे. नाव सांगता आले नाही तर विषय लिहावा. कोणी विचारील, वनहक्काचा दावा कसा दाखल करावा याचे सोप्या भाषेतील पुस्तक आहे काय? कोणी, दारू सोडविण्याविषयी. कोणी, मुलीच्या नावावर जमीन कशी करावी याविषयी. महिनाअखेर ही दुसरी वही उघडावी आणि पुढची मागणी तिच्यावरून नोंदवावी. जे पुस्तक कोणीच लिहिलेले नाही असे आढळेल, त्याची चार पानी माहिती तालुक्यातील शिक्षकांनी व संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांनी मिळून तयार करावी, आणि तिला दोन रुपये का होईना किंमत लावावी.